ब्रेनस्टेममध्ये गाठ आहे म्हणाले... पण कसली गाठ? अनुभव लिहितेय, तुमचेही लिहा

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते पण भाचीचा शेवटचा एमआरआय होईपर्यंत हात धजावत नव्हता. तो परवा झाला म्हणून आज बसलेय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्या बहिणीची मुलगी, तेव्हा ११ वर्षांची, सोलापूर जिल्ह्यातलं गाव. गेल्याच्या गेल्या वर्षी पोळ्याच्या आसपास बहिणीच्या लक्षात आलं की पोरगी टीव्ही बघताना डाव्या डोळ्यावर तळहात धरून बसते. बहीण रागावली, नीट बस म्हणून. तेव्हा म्हणाली, आई मला दोन दोन दिसतंय. डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं, नंबर निघाला, चष्मा मिळाला. पंधरा दिवसांत डावा डोळा आत नाकाकडे वळला, हसली की तोंड एकीकडे ओढलं जायचं, आमटीचा घास ओठाच्या कडेनं गळायचा आणि तिला कळायचंही नाही. कोणी म्हणालं तोंडावरून वारं गेलं, कोणी म्हणालं नजर लागलीय. तालुक्याला सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला, आम्हाला हायसं वाटलं. पुढच्याच आठवड्यात शाळेतून येताना तोल जाऊन पडली, मग मात्र एमआरआय केला आणि रिपोर्टात आलं की पॉन्समध्ये (मेंदूच्या खालच्या दांड्याचा, म्हणजे ब्रेनस्टेमचा मधला भाग) गाठ, ब्रेनस्टेम ग्लायोमाची, म्हणजे मेंदूच्याच पेशींपासून होणाऱ्या ट्यूमरची शक्यता.

तिथल्या डॉक्टरांनी मेव्हण्यांना बाहेर पॅसेजमध्ये उभ्या उभ्या सांगितलं, या जागी हात घालता येत नाही, मुंबईला नेऊन पैसे घालवू नका, घरी न्या, तिला हवं ते खाऊ घाला. मेव्हणे तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. मी फोनवर होते, मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

तरी आम्ही नेलं. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ओपीडीला सकाळी सहाला रांग लावली, दुपारी नंबर आला. एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होती. तिनं रिपोर्ट बाजूला ठेवला, आधी सीडी लावून स्वतः पाहिली, मग उठून पोरीच्या मानेला हात लावून चाचपलं आणि विचारलं, घरात कोणाला टीबी झालाय का? आणि आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आजोबांचा टीबीचा कोर्स आदल्या वर्षीच संपला होता. मानेत वाटाण्याएवढ्या दोन गाठी होत्या, त्या आम्ही कोणी पाहिल्याच नव्हत्या, केसांची वेणी यायची ना तिथे. त्यातून सुईनं नमुना घेतला, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आलं. मेंदूतली गाठ म्हणजे ट्यूबरक्युलोमा, टीबीचीच गाठ!

एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू झालं आणि जोडीला स्टिरॉईड. सगळं काही लगेच सरळ झालं नाही. दोन महिन्यांनी पोरगी परत डगमगायला लागली, नवीन एमआरआयमध्ये गाठीभोवती सूज वाढलेली, आम्ही परत हादरलो. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडतानाच कधी कधी असं होतं, मेलेल्या जंतूंवर शरीर तुटून पडतं, औषध बंद करायचं नाही. स्टिरॉईड वाढवलं. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा बहिणीला रक्तच वाटलं होतं, ती गोळीच तशी असते हे आधी कुणी सांगितलं असतं तर तिची ती रात्र रडण्यात गेली नसती. एक गोळी डोळ्यांवर परिणाम करू शकते म्हणून बहीण दर रविवारी लाल आणि हिरव्या बांगड्या समोर धरून रंग विचारायची. स्टिरॉईडनं तोंड सुजून गोल झालं, भूक इतकी की रात्री उठून भाकरी मागायची, शाळेत पोरं चिडवायची. १८ महिने गोळ्या झाल्या. परवाच्या एमआरआयमध्ये गाठीच्या जागी एक बारीक ठिपका उरलाय, डोळा सरळ आहे, तोंड जरासं तिरकं राहिलंय ते फक्त आम्हालाच दिसतं.

एवढं सगळं लिहायचं कारण एकच. "ब्रेनस्टेममध्ये गाठ" हे आजाराचं नाव नाही, तो पत्ता झाला. त्या पत्त्यावर कोण राहतंय ते विचारल्याशिवाय घरी जाऊ नका.

काळापांढरा

मी रेडिओलॉजिस्ट आहे, मराठवाड्यात काम करतो. रानजाई, पत्ता हा शब्द चपखल वापरलात. थोडं तांत्रिक भर घालतो.

ब्रेनस्टेम म्हणजे मेंदू आणि मणक्यातली दोरी यांना जोडणारा दांडा, साधारण अंगठ्याएवढा जाड. वरून खाली मिडब्रेन, पॉन्स आणि मेडुला. शाळेच्या पुस्तकात मस्तिष्कपुच्छ म्हणून जे शिकलो तो मेडुला. मेंदूतून निघणाऱ्या नर्व्हच्या १२ जोड्यांपैकी १० या दांड्यातून निघतात, शिवाय हातापायांकडे जाणाऱ्या सगळ्या तारा इथूनच जातात, आणि श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, जागं राहणं, सगळ्याचं नियंत्रण इथे. म्हणून इथे हरभऱ्याएवढी गाठ झाली तरी लक्षणं मोठी असतात. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नर्व्ह आणि चेहऱ्याची सातवी, दोन्ही पॉन्समधून निघतात, म्हणून तुमच्या भाचीला आधी डोळा आणि मग तोंड. लहान मुलाला नव्यानं तिरळेपणा आला, दोन दोन दिसायला लागलं किंवा चालताना झोकांड्या जायला लागल्या तर नुसत्या चष्म्यावर थांबू नका हो.

आता सीटीचं. मी हे रोज सांगतो तरी रोज तेच होतं. ब्रेनस्टेमच्या दोन्ही बाजूंना कानाच्या आतलं हाड असतं, ते शरीरातल्या सगळ्यात टणक हाडांपैकी. सीटीमध्ये त्या हाडामुळे मधल्या भागावर पट्टे पट्टे येतात आणि नेमकी हीच जागा अंधारात राहते. सीटीचा उपयोग आहेच, ताजा रक्तस्राव दिसतो, मेंदूत पाणी साठलेलं दिसतं. पण लक्षणं ब्रेनस्टेमची आणि सीटी नॉर्मल, तर काम झालेलं नाही, एमआरआय करायचा, कॉन्ट्रास्टसह, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊन.

एमआरआयवर प्रत्येकाचा चेहरा वेगळा असतो. मुलांमध्ये ज्याला सगळे घाबरतात तो डीआयपीजी, पॉन्समध्ये पसरत जाणारा ग्लायोमा, त्यात अख्खा पॉन्स फुगतो, अर्ध्याहून जास्त भाग व्यापतो, समोरची बॅसिलर आर्टरी नावाची रक्तवाहिनी गाठीच्या मिठीत आल्यासारखी दिसते आणि कॉन्ट्रास्ट बहुतेक वेळा फारसा घेत नाही. मिडब्रेनच्या मागच्या बाजूला होणारा टेक्टल ग्लायोमा मात्र वर्षानुवर्षं तेवढाच राहू शकतो, तो त्रास देतो पाण्याची वाट अडवून, म्हणून दुर्बिणीतून पाण्याला दुसरी वाट करून देतात आणि गाठीवर फक्त लक्ष ठेवतात. दांड्याच्या पाठीवरून बाहेरच्या बाजूला वाढणाऱ्या काही गाठी पायलोसायटिक, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या प्रकारच्या, निघतात, त्या बऱ्याचशा काढता येतात आणि मुलं पुढे आयुष्य जगतात. कॅव्हर्नोमा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, फुटलेल्या मक्याच्या लाहीसारखा दिसतो, भोवती जुन्या रक्ताची काळी कड. ट्यूबरक्युलोमाला कॉन्ट्रास्ट दिल्यावर अंगठीसारखं कडं, पिकलेली गाठ असेल तर एमआरआयच्या टी२ चित्रात आतून काळपट, आणि स्पेक्ट्रोस्कोपी (एमआरआयवरच गाठीतली रसायनं बघणारी तपासणी) केली तर लिपिडचा उंच सुळका. याशिवाय मोठ्या माणसांत दुसरीकडच्या कॅन्सरची पेरणी, लिम्फोमा, मुलांत तापानंतर येणारी एडीईएमची सूज, ही यादी बरीच मोठी आहे. आपल्या देशात टीबी तर प्रत्येक वेळी डोक्यात ठेवायलाच हवा.

हे वाचून कोणी मला फिल्मचे मोबाईलवर काढलेले फोटो पाठवू नका, त्यावरून सांगणं चूक आहे. पूर्ण सीडी बघावी लागते आणि पेशंटला तपासावं लागतं.

पाऊलवाट

धागा दोन दिवस उघडून बंद करतोय. आमच्याकडे काळापांढरांच्या यादीतला पहिलाच निघाला, डीआयपीजी. मुलगा सहा वर्षांचा होता.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी लिहितो, कारण आम्हाला कोणी सरळ सांगितलं नव्हतं. निदान झाल्यावर बहुतेक मुलं एक वर्षाच्या आत जातात, दहातलं एखादंच दोन वर्षं काढतं. ऑपरेशन होत नाही कारण ती गाठ अशी वेगळी नसतेच, पिठात मीठ मिसळावं तशी चांगल्या पेशींमध्ये मिसळलेली असते. उपाय म्हणजे रेडिएशन, आपल्याकडे लोक लाईट म्हणतात. ५४ ग्रे (रेडिएशनचं माप), ३० बैठका, सहा आठवडे. पहिल्या दिवशी तोंडाचा साचा करतात, जाळीचं गरम प्लास्टिक चेहऱ्यावर बसवून. त्यानं माझा हात सोडला नाही. टेक्निशियन भला माणूस, त्यानं जाळीवर वाघाचे पट्टे रंगवून दिले, मग रोज "वाघ व्हायला चला" म्हटलं की जायचा.

आणि खरंच सुधारला. तिसऱ्या आठवड्यात डोळा सरळ, सायकल चालवायला लागला, जूनमध्ये शाळेत गेला. मी बायकोला म्हणालो डॉक्टर चुकले. पाच महिने मिळाले असे. मग परत डावा पाय ओढायला लागला. एकूण अकरा महिने.

माझी तक्रार कोणा डॉक्टरवर नाही, आजारच तसा आहे. पण ते पाच चांगले महिने आहेत हे कोणी आधी सांगितलं असतं तर त्यातले दोन मी काढ्यावाल्या आणि भस्मवाल्या लोकांच्या दारात घालवले नसते, त्याच्याबरोबर घरी घालवले असते. पॅलिएटिव्हवाल्यांना, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना, पहिल्या महिन्यातच भेटा. ते म्हणजे हात टेकणं नव्हे. शेवटी गिळता येईना तेव्हा नळी घालायची का, व्हेंटिलेटर लावायचा का, हे प्रश्न रात्री दोन वाजता अँब्युलन्समध्ये समोर येऊ नयेत. आम्ही त्यांच्याशी आधी बोललो होतो म्हणून तो घरी, आजीच्या मांडीवर गेला.

चंद्रावर गेलेल्या नील आर्मस्ट्राँगची मुलगी कॅरेन याच आजारानं १९६२ च्या जानेवारीत गेली, तेव्हा तिलाही रेडिएशनच दिलं होतं. माझ्या मुलालाही तेच.

काळापांढरा

पाऊलवाट, तुम्ही हे लिहिलंत यासाठी मनापासून आभार.

तुमच्या शेवटच्या ओळीवर थोडंसं. बराच काळ अशा गाठींची बायोप्सीच (सुईनं तुकडा काढून तपासणं) करत नसत, चित्रावरून निदान व्हायचं आणि सुई घालायची भीती होती. त्यामुळे तपासायला पेशीच नव्हत्या. पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलमधल्या लोकांनी दाखवून दिलं की सराईत हातात ही बायोप्सी करता येते. आणि अमेरिकेत काही आईवडिलांनी मूल गेल्यावर गाठ संशोधनाला दिली, त्यातून प्रयोगशाळेत पेशी वाढवता आल्या. २०१२ मध्ये कळलं की यातल्या बहुतेक गाठींत एच३ के२७एम नावाचा जनुकातला एकच बदल असतो, म्हणून २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं नावच बदललं, आता डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा म्हणतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं डोर्डाव्हिप्रोन म्हणजे आधीचं ओएनसी२०१ हे तोंडी औषध याच बदलाच्या गाठीसाठी मंजूर केलं, आधीच्या उपचारानंतर गाठ परत वाढली असेल तेव्हा. ५० पेशंटपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात गाठ आकसली. हा बरा करणारा उपाय नाही, खोटी आशा लावत नाही, पण दार किलकिलं झालंय. म्हणून आता बायोप्सी विचारा, निदान विषय तरी काढा.

निळीशाई

मी तो मक्याच्या लाहीवाला कॅव्हर्नोमा :) म्हणजे होता मला, पॉन्समध्ये. वय तेव्हा ३४, पुण्यात नोकरी. सकाळी उठले तर अर्धा चेहरा इंजेक्शन दिल्यासारखा बधिर आणि उचकी थांबेचना, दोन दिवस उचकी, लोक म्हणे कोणीतरी आठवण काढतंय. पहिल्या रक्तस्रावानंतर डॉक्टर म्हणाले थांबू, बघू, कारण गाठ आत खोल होती आणि पहिला स्राव बऱ्यापैकी भरून आला. दीड वर्षानं दुसरा झाला तेव्हा मात्र ती पृष्ठभागाला येऊन टेकली होती, मग ऑपरेशनचा निर्णय. सर्जननी फार छान समजावलं होतं, म्हणाले भिंतीतला पाइप काढायचाय पण भिंतीतून वायरी गेल्यात, जिथे पाइपनं स्वतःच भिंत फोडलीय तिथूनच मला आत जाता येतं.

नऊ तास. ऑपरेशननंतर आधीपेक्षा वाईट होते हे लोकांना माहीत असावं म्हणून सांगते. गळ्यात श्वासासाठी ट्रॅकिओस्टॉमीची नळी तीन आठवडे, एक पापणी मिटेना. रात्री डोळ्यात मलम घालून मायक्रोपोर पट्टीनं पापणी चिकटवून झोपायचे, ते राहिलं की बुबुळ कोरडं पडून जखम होते, माझं एकदा झालंच. नंतर पापणीत सोन्याचा छोटा तुकडा बसवला, वजनानं पापणी खाली येते. आईनं त्याला नथीची बहीण असं नाव ठेवलंय. चालायला चार महिने लागले. आता सगळं करते, फक्त जिना उतरताना कठडा धरते.

इमली

मी स्पीच आणि गिळण्याची थेरपी देते. निळीशाईनं नळीचा विषय काढलाय तर माझं घोडं पुढे दामटते कारण याकडे फार दुर्लक्ष होतं.

ब्रेनस्टेमच्या पेशंटला घरचे प्रेमानं पहिली गोष्ट काय देतात तर पाणी, आणि पाणीच सगळ्यात अवघड असतं. पातळ पदार्थ पटकन घशात उतरतो, स्नायूंना वेळ मिळत नाही, श्वासनलिकेत जातो. ठसका लागला तर निदान कळतं तरी, पण यांच्यात बऱ्याच जणांना ठसकाच लागत नाही, गुपचूप फुप्फुसात जातं आणि चार दिवसांनी न्यूमोनिया. खाल्ल्यावर आवाज ओला, घशात पाणी भरल्यासारखा येतोय का ते ऐका. जेवताना ताठ बसवा. कधी कधी हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला सांगतो, पण ती प्रत्येकाला चालत नाही, थेरपिस्टनं बघूनच ठरवावं. चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकी घट्ट नाचणीची पेज, घट्ट दही, मऊ खिमट हे पाण्यापेक्षा बरंच सोपं जातं. आणि झोपवून तोंडात गंगाजल, तीर्थ, काहीही घालू नका, कळकळीनं सांगतेय, मी त्यातून पेशंट आयसीयूत गेलेले पाहिलेत.

घाटमाथा

माझा प्रश्न वेगळा आहे पण जागा तीच. वडील ६२, आठवडाभर उलट्या, सोडियम १०८ पर्यंत उतरलं होतं. ॲडमिट केलं, सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी सोडियम १३० च्या वर, शुद्धीवर आले, बोलले, आम्ही खूश. चौथ्या दिवसापासून बोलणं बंद, गिळता येत नाही, हातपाय कडक, डोळे मात्र आमच्याकडे बघतात. एमआरआयमध्ये पॉन्सच्या मधोमध पांढरं आलंय. नातेवाईक ट्यूमर म्हणताहेत. कोणीतरी सांगा काय आहे.

काळापांढरा

घाटमाथा, तुम्ही सांगताय त्या क्रमानं तरी ट्यूमरसारखं वाटत नाही. सोडियम खूप खाली असताना वेगानं वर आलं तर पॉन्समधल्या तारांवरचं वेष्टण निघून येतं, ऑस्मॉटिक डिमायलिनेशन म्हणतात. दोन ते सहा दिवसांनी लक्षणं दिसतात, म्हणजे मधे एक चांगला दिवस येतो आणि मग खाली जातात, अगदी तुमच्यासारखं. म्हणूनच इतकं खाली गेलेलं सोडियम २४ तासांत साधारण ८ अंकांपेक्षा जास्त वाढू नये म्हणून जपतात. त्यांच्या न्यूरोलॉजिस्टना हा शब्द उच्चारून विचारा. कोण चुकलं हा हिशोब नंतर, आत्ता नळीतून खाणं, छातीची काळजी, दर दोन तासांनी कूस बदलणं, फिजिओ. काही जण आठवड्यांनी, महिन्यांनी चांगले सुधारलेले मी पाहिलेत, सगळे नाही.

आणि एक. ते डोळ्यांनी बघताहेत म्हणजे बहुधा ऐकत आणि समजत आहेत. त्यांच्या पलंगापाशी त्यांच्याविषयी बोलू नका, त्यांच्याशी बोला. हो साठी डोळे वर, नाही साठी मिटा, असं ठरवून बघा.

कोयनाकाठ

पैशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी अशा पेशंटबरोबर परळला बऱ्याच फेऱ्या मारल्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते घरून निघतानाच बघा, एका अक्षरासाठी लोक परत येतात. टीबी असेल तर गोळ्या सरकारीत फुकट आणि निक्षय पोषणचे महिन्याला १००० खात्यात येतात, नाव नोंदवून घ्या. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, लहान मूल कॅन्सरचं असेल तर सेंट ज्यूडवाले विनामूल्य खोली देतात, दोन्हीकडे हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते, म्हणून पहिल्या दिवशी आधी त्या खिडकीवर जा. प्रोटॉन रेडिएशन हवं असं कोणी सांगितलं तर ते खारघरला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्याच ॲक्ट्रेक केंद्रात आहे, पण कोणाला ते हवं आणि कोणाला साधं चालतं हे डॉक्टरांना ठरवू द्या.

घाटमाथा

काळापांढरा, विचारलं. तेच निघालं, तुम्ही म्हणालात ते. आणि आज दुपारी आईनं विचारलं मी कोण, ओळखलं का, तर डोळे वर केले. दोनदा केले.

रानजाई

घाटमाथा, वाचून डोळे भरून आले. आईंना सांगा रोज बोलत राहा.

पाऊलवाट, तुमच्या पोस्टला काय लिहावं ते मला चार दिवस सुचलं नाही. वाघाचे पट्टे बहिणीला वाचून दाखवले, ती म्हणाली त्या दादांना माझा नमस्कार सांग.

व्यनितून (खासगी निरोपातून) दोघांनी विचारलंय की जाताना बरोबर काय न्यावं. सीडी न्या, फक्त कागद नाही, आणि निघायच्या आधी एखाद्या कॉम्प्युटरवर ती उघडते का बघा, आमची एक कोरी निघाली होती. जुने सगळे स्कॅन न्या, नॉर्मल आलेलेसुद्धा. कुठलं लक्षण कोणत्या तारखेला सुरू झालं ते एका कागदावर लिहा, आणि लक्षणं सुरू व्हायच्या आधीचा पोरीचा समोरून काढलेला हसरा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, डोळा आणि तोंड आधी कसं होतं ते त्यांना तुलना करून बघता येतं, आमच्याकडे वाढदिवसाचा होता तो कामी आला. घरात कोणाला कधी टीबी झाला असेल तर लाज न बाळगता सांगा, आजोबांचं नाव घ्यायला आमचे मेव्हणे आधी कचरत होते.